डॉल्फिन नाही दिसला तर पैसे परत

मी फुजैराला राहतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे दुबईच ना?" नाही. संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींपैकी ही एकटीच अशी आहे जिचा सगळा किनारा ओमानच्या आखातावर आहे. पाठीमागे हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर, समोर समुद्र, आणि तो समुद्र पुढे सरळ आपल्या अरबी समुद्राला मिळतो. गगनचुंबी इमारतींचा झगमगाट इथं नाही. मी इथं आलो त्या पहिल्या रात्री किनाऱ्यावर उभा राहिलो तर दिवे जमिनीपेक्षा पाण्यातच जास्त होते. सगळी नांगर टाकून उभी राहिलेली जहाजं. तेल भरायला आलेली. जहाजांना इंधन पुरवणाऱ्या जगातल्या मोठ्या बंदरांत फुजैराची गणना होते, आणि माझी भाकरीही त्याच तेलावर आहे (म्हणजे जहाजाच्या इंधनाच्या संशोधनावर. भाकरीवर तूपच घालतो अजून).

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत गावाकडून येणाऱ्या चौकश्यांचा रोख बदललाय. पूर्वी विचारायचे सोन्याचा भाव आणि शॉपिंग फेस्टिव्हल. आता विचारतात, "अरे, तू नॉर्वेत पीएचडी केलीस ना, मग ते उत्तर ध्रुवाकडचं क्रूझ कसं असतं? अस्वलं दिसतात का?" आपल्या मराठी पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत स्वित्झर्लंडच्या शेजारी आता पेंग्विनही येऊन बसलेत. तेव्हा एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं.

तर या प्रकाराला म्हणतात एक्स्पिडिशन क्रूझ. म्हणजे कॅसिनो आणि तीन मजली तरणतलाव असलेलं जहाज नव्हे. लहान जहाज, शंभर-दोनशे प्रवासी, बर्फाला टक्कर देईल असा मजबूत सांगाडा, सोबत जीवशास्त्रज्ञ, आणि किनाऱ्यावर उतरायला रबरी बोटी. याची सुरुवात लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या स्वीडिश-अमेरिकन माणसानं केली. १९६६ साली त्यानं पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ साली खास याच कामासाठी 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' हे जहाज बांधून घेतलं. १९८४ मध्ये हेच जहाज प्रवासी घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट पॅसेजमधून पार झालं. ज्या वाटेच्या शोधात एके काळी अख्खी जहाजं माणसांसकट गडप झाली, तिथून आता लोक कॉफी पीत पार व्हायला लागले. हेच जहाज नोव्हेंबर २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळ बर्फावर आपटून बुडालं. जहाजावरचे सगळे १५४ जण वाचले, कारण हवा शांत होती आणि दुसरी जहाजं जवळ होती. दोन्ही गोष्टी नशिबाच्या.

'एक्स्पिडिशन' हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. मोहीम म्हणजे परत येण्याची खात्री नसलेला प्रवास. इथं तर जेवणाचा मेनू सहा महिने आधी ठरलेला असतो! पण शब्दाचं सोडा. या पर्यटनाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणजे "हे सगळं बंदच करा." दुसरं आपल्याकडचं: "गोऱ्यांनी शंभर वर्षं सगळं बघून घेतलं, देवमासे मारून त्यांचं तेल दिव्यात जाळलं, आणि आता आपल्या खिशात चार पैसे आले तर लगेच नियम?"

या दुसऱ्या मताशी मी बराच काळ भांडत होतो, कारण त्यात तथ्य आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीनं काश्मीर बघितलं की परदेश बघितल्यासारखं होतं. आज साठीतला एखादा निवृत्त शिक्षक साठवलेल्या पैशांतून हिमनग बघायला जायचं म्हणत असेल, तर त्याला कार्बनचं गणित सांगायला मी कोण? मी स्वतः वर्षातून दोनदा विमानानं घरी जातो. पण "आता आमची पाळी" हा हिशेब माणसामाणसांतला आहे. तिसरा जो आहे, म्हणजे अस्वल किंवा देवमासा, त्याला कुणाची पाळी चालू आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याच्या दृष्टीनं बोट ती बोट.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर १ जानेवारी २०२५ पासून नवीन नियम आले. संरक्षित भागात दोनशेपेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज चालणार नाही. तिथं किनाऱ्यावर उतरायचं ते फक्त ठरवून दिलेल्या ४३ जागी. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर. आता ५०० मीटरवरून अस्वल कसं दिसतं? पिवळसर ठिपका. त्यावर बराच आरडाओरडा झाला, आमचे पैसे फुकट गेले म्हणून. पण याच बेटांच्या उत्तर टोकाला जुलै २०१८ मध्ये एका जर्मन क्रूझ जहाजाच्या रक्षकावर अस्वलानं हल्ला केला आणि अस्वलाला गोळी घालावी लागली. रक्षक किनाऱ्यावर का गेला होता? पर्यटक उतरायच्या आधी जागा सुरक्षित आहे का ते बघायला. म्हणजे पर्यटक नसते तर रक्षक नसता आणि रक्षक नसता तर गोळी नसती. (जाता जाता: स्वालबार्डच्या १९२० च्या करारावर ब्रिटिश इंडियाचंही नाव आहे आणि २००८ पासून तिथं भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. आपण अगदीच परके नाही.)

आता माझ्या खात्यातली गोष्ट. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढून घेतल्यावर तळाशी जो काळा, चिकट गाळ उरतो त्याला हेवी फ्युएल ऑइल म्हणतात. थंड असताना ते डांबरासारखं असतं. इंजिनात सोडण्याआधी शंभर अंशांच्या वर तापवावं लागतं. जगाची मालवाहतूक वर्षानुवर्षं या गाळावर चालली, कारण स्वस्त. हे तेल आर्क्टिकच्या गार पाण्यात सांडलं तर ते उडून जात नाही, गोळे होऊन बर्फाखाली अडकून बसतं, आणि काढायला जाणार कोण? शिवाय त्याची काजळी बर्फावर बसली की बर्फ ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. म्हणून १ जुलै २०२४ पासून आर्क्टिकमध्ये या तेलावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. पळवाटा मात्र आहेत, काही जहाजांना २०२९ पर्यंत सूट आहे. बऱ्याच एक्स्पिडिशन जहाजांत आता हलकं, स्वच्छ इंधन वापरतात हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गणित असं की मजबूत जहाज जड असतं आणि प्रवासी मोजके. माणशी जळणारं तेल त्यामुळे चांगलंच जास्त येतं. "आमचं छोटं जहाज पर्यावरणस्नेही" असं माहितीपत्रकात वाचलं की मी मनातल्या मनात भागाकार करतो. धंद्याची सवय.

पण तेलापेक्षाही मला जास्त अस्वस्थ केलं ते इथून जवळच पाहिलेल्या गोष्टीनं. फुजैराच्या उत्तरेला मुसंदम आहे, ओमानचा मुख्य भूमीपासून तुटलेला तुकडा. डोंगर सरळ समुद्रात उतरतात आणि मध्ये अरुंद खाड्या. सगळे त्याला 'अरबस्तानचा नॉर्वे' म्हणतात. नॉर्वेत पाच वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं, कारण नॉर्वेचे फियोर्ड हिमनद्यांनी कोरलेले आहेत आणि या साध्या दऱ्या आहेत, जमीन खचून पाण्याखाली गेलेल्या. पण दिसायला सुंदर, यात वाद नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही चार मित्र खसबला गेलो आणि धोमध्ये बसलो. धो म्हणजे लाकडी गलबत. त्याच्या कप्तानाला म्हणतात नाखुदा, आपला कोकणातला नाखवा तोच.

खोर शाम नावाच्या त्या खाडीत चिमुकली गावं आहेत, जिथं रस्ता जात नाही, प्यायचं पाणीसुद्धा बोटीनं येतं. मधे एक बेट आहे, टेलिग्राफ आयलंड. १८६४ साली इंग्रजांनी हिंदुस्थानला लंडनशी जोडणारी तार कराचीहून ग्वादर, मुसंदम, बुशहर अशी नेली, तिचं एक ठाणं या खडकावर होतं. कराचीची बातमी इथून पुढे जायची आणि इथले तारबाबू उन्हानं करपून जायचे. काही वर्षांतच ठाणं सोडून दिलं. आज तिथं पर्यटक पाण्यात डुंबतात आणि माशांना पाव टाकतात. गावांबद्दल नाखुदानं एक वाक्य सांगितलं, "इथं कोळी राहतात", आणि बोट पुढे गेली. याच मुसंदमच्या टोकाला कुमझार गाव आहे, फक्त समुद्रमार्गे जाता येतं, तिथली कुमझारी भाषा अरबी नसून फारसीच्या गोत्रातली आहे. अख्ख्या अरबस्तानात अशी दुसरी सापडायची नाही. आमच्या माहितीपत्रकात 'संस्कृती दर्शन' असं छापलं होतं. ते म्हणजे लांबून घरांचे फोटो.

मग डॉल्फिन आले. बोटीवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या, नाखुदानं वेग वाढवला आणि दोन डॉल्फिन लाटेवर बोटीशेजारून पोहू लागले. काय सांगू, अंगावर काटा आला. मीही ओरडलो. मग दुसऱ्या खाडीतून तीन बोटी आल्या. सगळ्यांच्या शिट्ट्या. आता गोल गोल फेऱ्या. एका डॉल्फिनबरोबर पिल्लू होतं. दोघं खाली गेले, बऱ्याच वेळानं लांब वर आले, की सगळ्या बोटी तिकडे. नाखुदाला दोष देत नाही. लोकांनी डॉल्फिनचे पैसे दिलेत, तो डॉल्फिन दाखवणार.

"एवढ्यानं काय होतं? डॉल्फिन स्वतःहूनच येतात की," असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पण पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उपसागर आहे, तिथल्या डॉल्फिनचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. डॉल्फिन दाखवणाऱ्या कंपन्या एकाच्या दोन झाल्या, तेव्हा त्या भागातले डॉल्फिन सुमारे १५ टक्क्यांनी घटले. २००६ साली हा अभ्यास छापून आला आणि तिथल्या सरकारनं दोनपैकी एक परवाना कमी केला. लक्षात घ्या, दोन! आपल्याकडे मालवणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर एका सकाळी किती बोटी सुटतात ते मोजायला बोटं पुरत नाहीत. आणि गोव्यात तर पाटीच असते, 'नो डॉल्फिन, नो पे'. ही पाटी म्हणजे ग्राहकाशी प्रामाणिकपणा वाटतो, पण तिचा अर्थ असा की डॉल्फिन कितीही दमलेला असो, त्याला शोधून, घेरून, वर आणल्याशिवाय बोटवाल्याची चूल पेटणार नाही.

आता या दोन किनाऱ्यांना जोडणारी एक गोष्ट. अरबी समुद्रात कुबड्या देवमाशांचा एक कळप आहे. जगभरचे कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे आणि हिवाळ्यात विषुववृत्ताकडे जातात. हे मात्र कुठंच जात नाहीत, इथंच खातात, इथंच पिल्लं देतात. जनुकांवरून असं दिसतं की हजारो वर्षं ते बाकीच्यांपासून वेगळे आहेत. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी चोरून यातले दोनशेहून अधिक मारले. आता ओमानजवळ शंभराहूनही कमी उरले असा अंदाज आहे. २०१७ साली ओमानमध्ये शास्त्रज्ञांनी एका मादीला उपग्रहाचा टॅग लावला. तिचं नाव लुबान, म्हणजे अरबीत धूप, आपल्या लोबानचाच भाऊबंद. ही बाई डिसेंबरात अरबी समुद्र ओलांडून थेट गोव्यासमोर पोहोचली, तिथून खाली दक्षिण टोकापर्यंत गेली आणि परतही आली! म्हणजे मी इथं ज्या पाण्याकडे बघतो आणि तुम्ही वेंगुर्ल्याला ज्या पाण्यात पाय बुडवता, ते तिचं एकच अंगण आहे. दहा लाख रुपये खर्चून स्वालबार्डला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आपल्याकडे चांगलं काहीच नाही असं मात्र नाही. मंडणगड तालुक्यातलं वेळास, नाना फडणवीसांचं गाव, तिथं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी विकली जायची ती आता जाळीत सुरक्षित उबतात, आणि पिल्लं सोडताना लोक दोरीच्या मागे उभे राहतात. राहायला गावातली घरं, जेवायला गावातलं जेवण. कधी पिल्लं येतात, कधी दोन दिवस थांबूनही येत नाहीत, आणि लोक तरीही आमटीभात खाऊन खूश होऊन परततात. पैसे गावात राहतात. आर्क्टिकच्या कित्येक गावांना हे अजून जमलेलं नाही. २०१६ साली 'क्रिस्टल सेरेनिटी' हे हजारेक प्रवाशांचं जहाज नॉर्थवेस्ट पॅसेजमधून गेलं, तेव्हा वाटेतल्या उलुखाकतोक या चारेकशे वस्तीच्या गावात प्रवाशांच्या तुकड्या पाडून उतरवावं लागलं. काही तास, थोडी कलाकुसरीची खरेदी, आणि जहाज पुढे. राहणं जहाजावर, जेवण जहाजावर.

त्यामुळे मला विचाराल तर मालवणच्या बोटींसाठी स्वालबार्डचा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. स्वालबार्डला मूळचे रहिवासी नाहीत आणि नॉर्वे सरकारकडे गस्तीला जहाजं आहेत. आपल्याकडे बोटवाला हाच मच्छीमार, डॉल्फिन त्याचं जाळंही फाडतो, आणि त्याच्यावर फौजदार नेमून काही होणार नाही. पण भाड्याची पद्धत बदलता येईल. पैसे डॉल्फिनचे नव्हे, समुद्रावरच्या तासाचे घ्यायचे. सिंधुदुर्ग किल्ला, रापण ओढणारी माणसं, पक्षी, त्या पाण्याच्या गोष्टी, हे सगळं दाखवायचं, डॉल्फिन आला तर आला. एका कळपाजवळ एका वेळी दोनच बोटी, इंजिन मंद, समोरून आडवं जायचं नाही, पिल्लू दिसलं की वळायचं. बोटवाल्यांच्या संघटनेनं एकमतानं हे केलं तर कुणाचंच गिऱ्हाईक पळत नाही, कारण शेजारच्या बोटीतही तेच भाडं. यातलं सगळ्यात अवघड काम बोटवाल्याचं नाही. ते आपलं आहे: तासभर समुद्रावर फिरून, एकही डॉल्फिन न दिसता खाली उतरल्यावर, हुज्जत न घालता ठरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवायचे.