मुंबई दाखवावी कशी?

एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागली, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक घरांत मुंबईचा बेत शिजू लागतो. कुणाचा भाऊ डोंबिवलीस असतो, कुणाची नणंद दादरला, तर कुणाच्या काकांनी गिरणीत उभा जन्म काढलेला असतो. उतरावयास हक्काचे घर असल्यामुळे खर्चाची धास्ती निम्मी होते आणि मुलांचा हट्टही पुरा होतो. मग कागद-पेन्सिल घेऊन यादी केली जाते आणि चार दिवसांत पंधरा स्थळे बसविली जातात. परत आल्यावर मात्र मुलांना विचारावे, “काय काय पाहिलेत?” तर उत्तर येते, “लोकलची गर्दी आणि राणीच्या बागेतले पेंग्विन!”

यात मुलांचा दोष नाही. यादीतल्या स्थळांना एकमेकांशी आणि आपल्याशी जोडणारा धागा आपण त्यांच्या हाती दिलेलाच नसतो.

आजोबांच्या पिढीला हा धागा शोधावा लागत नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना होईपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. जमिनीच्या दाव्याचे अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात जाई. कर्नाटक विद्यापीठ निघण्यापूर्वी बेळगावात शिकलेल्या पदवीधराला पदवी मिळे ती मुंबई विद्यापीठाची. मुंबईस जाणे म्हणजे आपल्याच राजधानीस जाणे होते. आजच्या मुलांची राजधानी बेंगळूरु आहे आणि शिक्षण-नोकरीच्या वाटाही बहुधा तिकडेच वळतात. मुंबई त्यांना दिसते ती पडद्यावर, जशी ती कोलकात्याच्या वा लखनौच्या मुलांना दिसते. त्यांना नुसतेच हिंडवले, तर ती एका परक्या शहराची जत्रा पाहून येतील. चार गोष्टी सांगत हिंडवले, तर आपल्या मुलखाच्या इतिहासाचे एक पान वाचून येतील.

हे पान बरेचसे फोर्ट भागातच उघडते. निपाणीला रेल्वे नाही. तिकडची मंडळी कोल्हापुरास जाऊन महालक्ष्मी एक्सप्रेस धरतात व सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतात. आपण जेथे पाय ठेवला ती वास्तूच मुंबईतील एक मोठे प्रेक्षणीय स्थळ आहे, हे सामानाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानी येत नाही! फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुशिल्पीच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ते पुरे व्हायला दहा वर्षे लागली. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. दुसऱ्या दिवशी सामान घरी ठेवून, मोकळ्या हातांनी पुन्हा येथे यावे आणि दगडात कोरलेले प्राणी-पक्षी मुलांना शोधावयास लावावेत.

तेथून थोड्याच अंतरावर जे. जे. कलाशाळा आहे. ही १८५७ मधील संस्था बाहेरूनच पाहावी लागली तरी चालेल. येथे मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा एक मुलगा १८८५ मध्ये चित्रकार होण्यासाठी या शाळेत आला. पुढे असे आढळले, की त्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? पण त्याने रंग सोडले, रेषा सोडली नाही. तो यंत्रांची रेखाटने शिकला, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला, बेळगावात त्याने सायकलींचे दुकान काढले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून हिरमुसलेल्या मुलाला हा पत्ता एकदा दाखवून आणावा.

मग चालत हुतात्मा चौकात यावे. १८६४ मधील फ्लोरा फाउंटन कारंजाशेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे गोळीबार झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला रक्ताचा रंग चढला. मुंबईची मुले हा इतिहास आपल्या शहराचा म्हणून वाचतात. आपल्या मुलांना मात्र सांगावे, की त्या लढ्याच्या हुतात्म्यांच्या यादीत बेळगावचे मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारीगडी आणि निपाणीच्या कमळाबाई मोहिते ही नावेही आहेत. येथे दोन मिनिटे शांत उभे राहावे. मात्र हे सांगताना एक पथ्य पाळावे. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याविषयी मुलांच्या मनात कडवटपणाचा थेंबही पडू देऊ नये. त्याच्याच अंगणात ती रोज खेळतात. मेलेल्यांचे स्मरण आणि शेजाऱ्यावरचे प्रेम ही दोन्ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

पुढे ओव्हल मैदानावर उभे राहिले, की विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय एकाच नजरेत येतात. घरात आजोबांचे जुने पदवीपत्र असेल, तर निघण्यापूर्वी ते मुलांना दाखवून ठेवावे. मग या मनोऱ्याखाली वेगळे काही सांगावे लागत नाही. १९२२ मध्ये उघडलेले वस्तुसंग्रहालय मात्र याच दिवशी उरकू नये, त्यासाठी सबंध सकाळ राखून ठेवावी. जॉर्ज विटेट यांनी बांधलेल्या या इमारतीचा घुमट पाहून विजापूरला सहलीस जाऊन आलेले मूल आपण होऊन म्हणेल, “हा तर आपला गोलघुमट!” असे म्हणणारे मूल खरे प्रवासी झाले असे समजावे.

घारापुरीचेही तेच. गेटवेवरून बोटीने सुमारे तासाभराची वाट आहे. सोमवारी लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला तर बोटीही बंद राहतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी या वाटेवर प्रवासी बोटीला भीषण अपघात होऊन अनेकांचे प्राण गेले. तेव्हा लहान-थोर सर्वांनी तरण-जाकिटे अंगात घालूनच बसावे, त्यात संकोच नको. बेटावर पायऱ्या बऱ्याच आहेत, वृद्धांचे गुडघे विचारात घ्यावेत. वर पोहोचल्यावर सुमारे वीस फूट उंचीच्या त्रिमूर्तीसमोर शांत बसावे. ज्यांनी बदामीची लेणी पाहिली असतील, त्यांना तुलनेचा मोठाच आनंद आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा लेख आहे आणि घारापुरीचे शिल्पही साधारण त्याच शतकातले मानतात.

एखादी संध्याकाळ दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकासाठी ठेवावी. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गुर्लहोसूरचे, हे मध्यंतरात मुलांना सांगता येईल. धाकट्यांसाठी राणीची बाग आहेच, फक्त बुधवारी ती बंद असते.

आता थोडे घरगुती. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. मुंबईचा दमट उकाडा आपल्या मुलांना सोसत नाही. दुपारी बारा ते चार घरी वा संग्रहालयात काढावेत, आणि कचेऱ्यांच्या वेळी लोकलच्या वाटेस जाऊ नये. दुसरे, आपण सुट्टीवर असतो, यजमानीण नसते. दोन खोल्यांच्या घरात सहा पाहुणे आले, की पाण्याच्या वेळेपासून सारे गणित बदलते. नुसत्या कुंद्याच्या डब्याने त्याची भरपाई होत नाही. एक वेळचा स्वयंपाक आपण करावा, एक दिवस तिलाही बरोबर घ्यावे. वर्षानुवर्षे मुंबईत राहून घारापुरी न पाहिलेल्या वहिनी पुष्कळ आहेत.

आणि शेवटची गोष्ट मुलांच्या बोलीची. “काय करालास गा?” असे आपल्या मुलाने म्हटले, की मुंबईची भावंडे हसतात, आणि आपल्यापैकी काही आया मुलालाच डोळे वटारतात. तसे करू नये. एकदा गप्प बसवलेले मूल पुढे मराठीतच बोलेनासे होते, आणि मग त्याला सारी मुंबई दाखवून आणली तरी काय उपयोग? त्याच्या बोलीत कन्नडचा शेजार मुरला आहे. दुकानाची कन्नड पाटी ते सहज वाचते, हे त्याच्या भावंडांना अभिमानाने सांगावे. परत आल्यावर आठवड्याच्या आत काका-मामांना एक पत्र मुलानेच लिहावे, मराठीत आणि स्वतःच्या शब्दांत. शुद्धलेखनाच्या चुका आपण सुधारू नयेत.