आम्लशमन म्हणजे अग्निरक्षण नव्हे

अम्लपित्ताचा रुग्ण आज वैद्याकडे क्वचितच औषधावाचून येतो. बहुधा त्याच्यापाशी पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल किंवा ओमेप्राझोल यांपैकी एखाद्या गोळीची पट्टी असते. कोणाला ती सांधेदुखीच्या औषधासोबत मिळालेली असते, कोणाला रुग्णालयातून घरी येताना. मूळ कारण संपते, गोळी मात्र वर्षानुवर्षे चालूच राहते. या प्रश्नाकडे वैद्यवर्गाने कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी आमचे विचार येथे मांडीत आहोत.

प्रथम या औषधांची क्रिया नीट समजून घेतली पाहिजे. जठराच्या भित्तिपेशींतील जो प्रोटॉन पंप आम्ल बाहेर टाकतो, त्यालाच ही औषधे कायमचे बंद पाडतात. नवे पंप तयार होईपर्यंत तेथील आम्लस्राव थांबतो. उपाशीपोटी जठराचा सामू साधारण १ ते २ असतो. तो ४ च्या वर गेला की पेप्सिनचे कार्य फार मंदावते. अन्नाबरोबर येणाऱ्या जंतूंचा नाश, धान्य व भाज्यांतील लोहाचे विद्रावण, अन्नातील प्रथिनांपासून ब-१२ जीवनसत्त्व मोकळे करणे, ही आम्लाची आणखी कामे. ती सर्व उणी होतात. पुढे स्वादुपिंडाचे पाचकस्राव असल्यामुळे प्रथिनांचे पचन अजिबात थांबते असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता शास्त्रदृष्टी. जाठराग्नी म्हणजे जठरातील आम्ल, असे सरळ समीकरण काही लेखांतून मांडले जाते. ते आम्हांस मान्य नाही. चरकाचार्यांनी ग्रहणीचिकित्सेत मधुर, अम्ल व कटु असे तीन अवस्थापाक सांगितले आहेत. आम्लाचा संबंध त्यांतील एका टप्प्याशी येतो, संपूर्ण अग्निव्यापाराशी नव्हे. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आणि माधवनिदानात अम्लपित्ताचा जो स्वतंत्र विचार आहे, त्यात दाहाबरोबरच अविपाक, उत्क्लेश, गौरव व अरुचीही आहेत. म्हणजे हा केवळ आम्ल वाढल्याचा व्याधी नसून विदग्ध पित्ताचा व बिघडलेल्या पचनाचा व्याधी आहे. आम्ल दडपले की दाह शमतो, परंतु अविपाक तसाच राहतो. रुग्ण ‘जळजळ गेली, पण पोट जडच असते’ असे सांगतो, त्याचा अर्थ येथे लागतो.

दीर्घकालीन वापराच्या दुष्परिणामांविषयी बोलताना मात्र तारतम्य हवे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये अस्थिभंगाविषयी, २०११ मध्ये रक्तातील मॅग्नेशियम घटण्याविषयी आणि २०१२ मध्ये क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल जंतूमुळे होणाऱ्या अतिसाराविषयी इशारे दिले. यांतील बराच पुरावा निरीक्षणात्मक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत पँटोप्राझोल सुमारे तीन वर्षे दिले असता आतड्यांचे जंतुसंसर्ग तेवढे अधिक आढळले. अस्थिभंग वाढले नाहीत. तेव्हा ‘या गोळ्या हाडे ठिसूळ करतात’ असे रुग्णाला छातीठोकपणे सांगणे शास्त्राला धरून नाही.

याहून आपल्या व्यवहाराशी निगडित गोष्ट वेगळी आहे. आम्ल दडपले की गॅस्ट्रिन वाढते आणि औषध बंद होताच आम्लस्राव उसळून येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० निरोगी व्यक्तींपैकी निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल दिले होते. ते थांबविल्यावर त्यांतील ४४ टक्क्यांना आम्लाची लक्षणे जाणवली. केवळ निरौषध गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना मुळात व्याधी नव्हता, त्यांची ही स्थिती. म्हणूनच ‘गोळी सोडली की त्रास होतो’ याचा अर्थ ‘गोळी आवश्यकच आहे’ असा नेहमीच नसतो.

परंतु याच कारणास्तव पहिल्याच भेटीत ‘ती गोळी आजपासून बंद’ असे सांगण्याची पद्धत आम्हांस धोक्याची वाटते. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारा, जठरव्रणातून पूर्वी रक्तस्राव झालेला, अन्ननलिकेचा तीव्र दाह किंवा बॅरेट विकृती असलेला रुग्ण या गोळीच्या आधाराने सुरक्षित असतो. तेथे आपला अभिनिवेश रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाबाबत त्याच्या चिकित्सकाशी बोलल्यावाचून काहीही बदलू नये.

दुसरे असे की, आपल्या औषधांचीही हीच परीक्षा व्हावी. शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळ ही मुख्यतः चुन्याची संयुगे; आम्ल उदासीन करणे हा त्यांच्या कार्याचा एक भाग आहेच. कामदुधा महिनोन्महिने देत राहणे आणि पथ्याचा प्रश्नही न विचारणे, यात व वर टीका केलेल्या पद्धतीत भेद तो कोणता? यष्टिमधुसुद्धा दीर्घकाळ व अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढवू शकते. पट्टी बदलून पुडी आली, एवढ्याने चिकित्सा आयुर्वेदीय होत नाही. निदानपरिवर्जन, दोषावस्थेनुसार वमन-विरेचन आणि अग्नीचा विचार हीच आपली बाजू.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक रुग्णपत्रिकेत आम्लशामक औषध कोणी, कशासाठी व केव्हा सुरू केले याची नोंद असावी. गिळताना अडथळा, वजन घटणे, काळे शौच, रक्ताची उलटी किंवा पांडुता असल्यास एंडोस्कोपीसाठी तात्काळ पाठवावे, कारण दाह शमविणारे कोणतेही औषध, त्यांचे असो वा आपले, गंभीर व्याधी झाकू शकते. जेथे कारण उरलेले नाही, तेथे चिकित्सकाच्या संमतीने मात्रा क्रमाक्रमाने उतरवावी, उसळीची पूर्वकल्पना रुग्णाला द्यावी आणि त्या काही आठवड्यांत आहार व औषधाने त्याला आधार द्यावा. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांत, विशेषतः वृद्ध व शाकाहारी रुग्णांत, ब-१२ ची तपासणी करून घ्यावी.

अशा नोंदी आपल्या सभासदांनी दोन-तीन वर्षे काटेकोरपणे ठेवल्या, तर या विषयावर वैद्यांना केवळ मत नव्हे, तर पुरावाही मांडता येईल.