जुनी कॉमिक्स: बांधावीत की सुटी ठेवावीत?

जळगाव-धुळ्याकडे जुन्या घराची आवराआवर निघाली की रद्दीत कधीकधी मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स'चा गठ्ठा सापडतो. त्यात वेताळ असतो, मँड्रेक असतो, आबिद सुरतींचा बहादूर असतो. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. असा गठ्ठा रद्दीवाल्याकडे जाऊ न देता कुणी त्याचा संग्रह करू पाहत असेल, तर आनंदच आहे. पण अंक सुटे जपायचे की बांधून मुलांच्या हाती द्यायचे, हे आधी ठरवले पाहिजे.

सुट्या अंकाची बाजू भक्कम आहे. बांधणी करताना पिना निघतात, शिलाईसाठी भोके पडतात आणि मग गठ्ठा कटिंग मशीनखाली जातो. चित्राची किनार कापली जाते, कधी संवादाच्या फुग्यातले एखादे अक्षरही जाते. कापलेली कड परत येत नाही. म्हणून जाणते संग्राहक बांधीव प्रत कमी मोलाची मानतात. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा अंक १९३८ मध्ये दहा सेंटला मिळत होता. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. या आकड्याला भुलून मात्र कुणी संग्रहाच्या नादी लागू नये. मराठी अंकांना त्या तोडीचा बाजार नाही.

बांधणीचीही बाजू आहे, आणि ती मला जवळची वाटते. गल्लीतली खासगी वाचनालये कॉमिक्स भाड्याने द्यायची ती अनेक अंकांचा एक जाड ठोकळा करून, म्हणून ती असंख्य हातांतून जाऊनही तगली. सुटा अंक चार मुलांनी हाताळला की मुखपृष्ठ पिनेपासून सुटते. शिवाय कॉमिक्स वाचण्यासाठीच काढलेली असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधीच बाहेर न येणारा वेताळ कुणाच्या कामाचा? बांधायचेच असेल, तर बाइंडरला कडा न कापण्याचे बजावून सांगावे आणि खळीत मोरचूद आहे ना, तेही विचारावे. नुसत्या मैद्याच्या खळीवर कसर तुटून पडते.

दोन्ही प्रकारच्या प्रतींना खरा धोका आहे तो आपल्या हवामानाचा. हलका कागद मुळातच आम्लयुक्त असतो, उष्णतेने तो लवकर पिवळा पडून ठिसूळ होतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा पत्र्याखालचा पोटमाळा ही सर्वांत वाईट जागा. खालच्या खोलीत, भिंतीपासून थोडे पुढे ओढलेले लोखंडी कपाट बरे. पावसाळ्यात पिना गंजतात आणि डाग पानात उतरतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर मुळीच लावू नये. डिंक तपकिरी होतो आणि चित्र कायमचे खराब करतो.

स्कॅन करून ठेवले की झाले, असेही म्हटले जाते. बालभारतीने 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर खुले केले, ते मोलाचे काम आहे. पण तिथे प्रकाशक स्वतः पुढे आला. बंद पडलेल्या मालिकांसाठी कागदच सांभाळावा लागेल.

म्हणून माझे मत असे: ज्या अंकाची एकच प्रत आहे, तो सुटा राहू द्यावा, दुबार प्रती बांधून बिनधास्त वाचायला द्याव्यात. आणि संग्रह आपल्यानंतर कुठे जाणार, हे हयातीतच ठरवावे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेले कागद त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने सांभाळले म्हणून आज अभ्यासकांना मिळतात. जळगावच्या व. वा. जिल्हा वाचनालयाने आणि धुळ्याच्या गरुड वाचनालयाने मराठी कॉमिक्ससाठी एकेक कपाट राखून ठेवावे, आणि ज्यांच्या घरी असे गठ्ठे आहेत त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी तिथे विचारावे.