मॉसफेट देशात बनतील. ते वेळेवर बंद कोण करणार?

१२ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी चार सेमीकंडक्टर प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यांपैकी दोन थेट विद्युतशक्ती हाताळणाऱ्या घटकांचे आहेत. भुवनेश्वरच्या इन्फो व्हॅलीत सिलिकॉन कार्बाइडचा कारखाना उभा राहणार आहे, तर मोहालीत कॉन्टिनेंटल डिव्हाइस ही कंपनी मॉसफेट आणि तत्सम उच्चशक्ती घटकांचे उत्पादन वाढवणार आहे. या बातमीचे स्वागत झाले ते योग्यच. पण मॉसफेट चांगला असणे पुरेसे नसते. त्याला वेळेवर चालू आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे वेळेवर बंद करणारे सर्किट तितकेच चांगले लागते. ते रचण्याचे ज्ञान देशात रुजले नाही, तर देशी मॉसफेटही परदेशी मॉसफेटइतक्याच सहजपणे जळतील.

ई-रिक्षा, विजेवरची स्कूटर, सौर इन्व्हर्टर, कमी वीज खाणारा छताचा पंखा या सर्वांत मॉसफेट हा सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा स्विच असतो. त्याचे गेट म्हणजे व्यवहारात एक कपॅसिटर. स्विच चालू करायचा तर त्यात विद्युतभार भरावा लागतो, बंद करायचा तर तो उपसावा लागतो. हे भरणे-उपसणे करणाऱ्या घटकाला गेट ड्रायव्हर म्हणतात.

साधा हिशेब पाहा. गेटचा भार १०० नॅनोकुलोंब आहे आणि ५० नॅनोसेकंदांत स्विच बदलायचा आहे, तर २ अँपिअर प्रवाह लागतो. मायक्रोकंट्रोलरची पिन साधारण २० मिलिअँपिअर देते. तिच्या भरवशावर याच कामाला ५ मायक्रोसेकंद लागतील. तेवढा वेळ मॉसफेट धड चालू नाही, धड बंद नाही, अशा अवस्थेत राहतो. ४८ व्होल्ट, ५० अँपिअर आणि २० किलोहर्ट्झ धरले तर या संथपणापायी एका मॉसफेटमध्ये सुमारे २४० वॅट उष्णता निर्माण होईल. ड्रायव्हर योग्य असेल तर हाच आकडा अडीच वॅटच्या आत येतो.

खरी कसोटी मात्र चालू करण्यात नसून बंद ठेवण्यात आहे. मोटर कंट्रोलरमध्ये मॉसफेट जोडीने असतात, एक वर आणि एक खाली. दोन्ही एकाच वेळी चालू झाले तर बॅटरी थेट शॉर्ट होते. म्हणून एक बंद झाल्यावर थोडा अवकाश ठेवूनच दुसरा चालू करतात. तरीही धोका टळत नाही. वरचा मॉसफेट चालू होताच मधल्या बिंदूचा दाब झपाट्याने चढतो आणि खालच्या मॉसफेटच्या ड्रेन व गेट यांमधील धारितेतून त्याच्या गेटकडे प्रवाह ढकलला जातो. ही धारिता १०० पिकोफॅरड आणि दाबाची चढण २० नॅनोसेकंदांत ४८ व्होल्ट असेल, तर हा प्रवाह जवळपास पाव अँपिअर होतो. गेट रिकामे करण्याच्या वाटेत एकूण १० ओहम रोध असेल तर गेटवर सुमारे २.४ व्होल्ट उभे राहतात. अनेक मॉसफेट २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान उघडू लागतात. म्हणजे ज्याला बंद राहण्याचा आदेश आहे, तोच किलकिला उघडतो.

यात तापमानाची भर पडते. मॉसफेट तापला की त्याचा उघडण्याचा उंबरठा खाली येतो आणि चालू असतानाचा रोध वाढतो. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचे आकडे बहुधा २५ अंश सेल्सिअसचे असतात; नागपूर किंवा बिकानेरच्या मे महिन्यातल्या दुपारचे नसतात. प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेले कंट्रोलर उन्हाळ्यात जळतात, त्यामागे अनेकदा हा फरक असतो.

उपाय जुने आणि स्वस्त आहेत. चालू करण्याची आणि बंद करण्याची वाट वेगळी ठेवावी. उपसण्याच्या वाटेत लहान रोध आणि डायोड द्यावा, किंवा गेटच्या अगदी शेजारी पीएनपी ट्रान्झिस्टर बसवून भार तिथल्या तिथे सोर्सकडे वळवावा. मात्र या दोन्ही उपायांत डायोडचा वा ट्रान्झिस्टरचा काही दशांश व्होल्ट दाब गेटवर उरतो. साध्या सिलिकॉन मॉसफेटला तो सहसा चालतो. सिलिकॉन कार्बाइडला मात्र बंद ठेवण्यासाठी पुष्कळदा उणे ३ ते ५ व्होल्ट द्यावे लागतात. ड्रायव्हरला वीज नसताना गेट अधांतरी राहू नये म्हणून गेट आणि सोर्स यांच्यामध्ये सुमारे १० किलोओहमचा रोध हवा. ड्रायव्हरचा पुरवठा घसरल्यास मॉसफेट अर्धवट उघडा न ठेवता तो बंद करणारी सोय ड्रायव्हरमध्येच हवी.

पण ‘जितके वेगाने बंद तितके चांगले’ हा नियमही घातक ठरतो. सर्किटच्या वाटेत २० नॅनोहेन्री इंडक्टन्स असेल आणि ५० अँपिअर प्रवाह २५ नॅनोसेकंदांत तोडला, तर ४० व्होल्टचा जादा झटका बसतो. पूर्ण भरलेली ४८ व्होल्टची बॅटरी प्रत्यक्षात ५४ व्होल्टच्या आसपास असते. मग ८० व्होल्टचा मॉसफेट मर्यादेबाहेर जातो आणि १०० व्होल्टचा काठावर येतो. रोधाचे योग्य मूल्य या दोन संकटांच्या मध्ये शोधावे लागते आणि प्रत्येक सर्किट बोर्डासाठी ते निराळे असते.

‘सगळे ड्रायव्हर तयार मिळतात, मग हे शिकायचे कशाला?’ असा आक्षेप घेतला जातो. बाजारात ४ अँपिअरचा ड्रायव्हर विकत मिळतो हे खरे. पण तो मॉसफेटपासून किती सेंटिमीटरवर आहे, परतीची वाट कुठून जाते, रोध किती, हे बोर्ड आखणाराच ठरवतो. दुसऱ्याच्या बोर्डाची नक्कल केली आणि स्वस्तातला मॉसफेट बसवला, तर मूळ हिशेब कोलमडतो. जळालेला मॉसफेट बहुधा शॉर्ट होतो. चालत्या वाहनात असे घडले तर मोटरच ब्रेकसारखी वागू लागते आणि त्याची किंमत चालकाला मोजावी लागते. २०२२ मध्ये स्कूटरना लागलेल्या आगींनंतर देशाचे लक्ष बॅटरीकडे गेले, हे आवश्यकच होते. कंट्रोलरकडेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवे.

त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांत मॉसफेट हा केवळ ‘आदर्श स्विच’ म्हणून न शिकवता, दोन स्पंद देऊन त्याची उघडझाप मोजण्याची चाचणी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः करावी. ई-रिक्षा आणि सौर पंपांच्या सरकारी खरेदीत, तापलेल्या अवस्थेत गेटवर मोजलेला तरंगाकार मागितला जावा. आणि चिपच्या आराखड्यासाठी केंद्राची जी प्रोत्साहन योजना आहे, तिच्यात गेट ड्रायव्हरला मानाचे स्थान मिळावे. या चिपला काही नॅनोमीटरच्या शर्यतीत उतरावे लागत नाही. तिला उच्च दाब सहन करणारे जुने, स्थिरावलेले तंत्र पुरते.

भुवनेश्वर आणि मोहालीतून मॉसफेट बाहेर पडू लागतील, तेव्हा ते कसे वापरायचे हे जाणणारे अभियंते तयार असायला हवेत. कारखाना उभारायला हजारो कोटी लागतात. दहा ओहमच्या जागी दोन ओहम केव्हा लावायचा, हे कळण्यासाठी एक ऑसिलोस्कोप आणि शिकवण्याची इच्छा पुरेशी आहे.