जिंकायला नव्हे, नांदायला

दिवाळी अंकांत दोन मजकूर ठरलेले असतात. एक वार्षिक राशिभविष्य आणि दुसरा ‘वाचन बुडाले’ हा विलाप. राशिभविष्याबद्दल माझी तक्रार नाही. ते निदान दरवर्षी थोडे बदलते. विलापात मात्र कानामात्रेचाही फरक होत नाही. मुले पडद्याला चिकटली, चित्रांनी शब्द गिळले, पुढच्या पिढीला चार ओळी धड लिहिता येणार नाहीत, हा त्याचा सारांश. हे गाऱ्हाणे गाणाऱ्या सज्जनांना मला एकच विचारायचे आहे. ज्या पडद्याला आपण उठता-बसता शिव्या देता, त्याच पडद्यावर एक खेळ असा आहे की ज्यात चित्र औषधालाही नाही, जो केवळ वाचून आणि लिहून खेळला जातो, आणि ज्यात चार ओळी धड लिहिता न येणाऱ्याचे पानही हलत नाही. त्याची आपण कधी चौकशी केलीत काय? केली नसेल, तर आपला कळवळा वाचनाचा नाही; तो केवळ हळहळण्याच्या सवयीचा आहे.

इंग्रजीत या खेळाला टेक्स्ट-बेस्ड रोल-प्लेइंग गेम असे लांबलचक नाव आहे. आपण त्याला लेखी सोंगांचा खेळ म्हणू. यात प्रत्येक जण एक सोंग घेतो. कोणी लोहार होतो, कोणी वैदू, कोणी वाट चुकलेला शिपाई. पडद्यावर मजकूर उमटतो: तुम्ही एका पडक्या देवडीत उभे आहात, उत्तरेला पायवाट आहे, कोपऱ्यात शेकोटीपाशी एक म्हातारी बसली आहे. आता तुम्ही काय करणार ते लिहायचे. ती म्हातारी यंत्राने रचलेली असेल, किंवा हजार कोसांवर बसलेले तुमच्यासारखेच कोणी हाडामांसाचे माणूस असेल. या खेळाच्या दोन जाती आहेत. एकीत वाटा, वस्तू आणि झुंजींचा हिशेब संगणक ठेवतो. दुसरीत हिशेब ठेवणारे यंत्र नसतेच, खेळाडू आळीपाळीने लिहीत जातात आणि त्यातून गोष्ट वाढते.

हे खूळ कालपरवाचे नाही. विल क्राउदर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहा धुंडाळण्याचा शौकीन होता. 1975-76 च्या सुमारास त्याने केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेच्या आधाराने एक शब्दांची गुहा रचली. ती मुख्यतः आपल्या दोन मुलींच्या करमणुकीसाठी! 1977 साली डॉन वुड्सने तिच्यात भर घातली. पण त्या गुहेत माणूस एकटाच हिंडत असे. 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एकाच वेळी अनेकांना हिंडता येईल असे शब्दांचे जग लिहायला घेतले आणि रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने ते पुढे तडीस नेले. त्याचे नाव मड, म्हणजे मल्टी-युझर डंजन. पुढे त्याचे वंशज देशोदेशी पसरले. 1989 साली अमेरिकेत जेम्स अ‍ॅस्पनीस याने टायनीमड काढला. त्यात झुंजींना आणि खजिन्यांना फारसे महत्त्वच नव्हते. लोक येत, आपापल्या खोल्या शब्दांनी बांधत आणि गप्पा मारत. आज चित्रमय खेळांच्या लखलखाटात ही शब्दांची गावे लहान झाली आहेत. पण त्यांतली काही तीस-तीस वर्षे नांदती आहेत. आणि एक गोष्ट तर मुद्दाम सांगण्याजोगी. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राच्या मदतीने अंध माणसेही यांत डोळसांच्या बरोबरीने खेळतात. चित्रांचे किती खेळ हे म्हणू शकतील?

यावर आक्षेप ठरलेला आहे. ‘हे म्हणजे संसारातून पळ काढणे. स्वतःचे नाव टाकून दुसऱ्याचे सोंग घ्यायचे, हा काय पोक्तपणा?’ हा आक्षेप महाराष्ट्रात कोणी घ्यावा याची मला मोठी मौज वाटते. दिवाळी उलटली की तळकोकणात आणि गोव्यात जत्रा सुरू होतात आणि दशावताराची मंडळी गावोगाव निघतात. त्यांच्या परंपरेत पाठ करायची संहिता नाही. आज कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणते पात्र करायचे एवढे ठरते. मग पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने रात्रभर जागच्या जागी संवाद रचले जातात. पहाटेपर्यंत जो राजा होता, तो सकाळी आपला पेटारा उचलून चालू लागतो. त्याला आपण संसारातून पळालेला म्हणतो काय? सोंगाची लाज वाटावी अशी आपली परंपरा नाही. सोंग वाईट वठले तर मात्र लाज वाटावी, अशी ती आहे.

तेव्हा भांडण खेळाशी नाही. माझे भांडण आहे ते या खेळात पहिले पाऊल कसे टाकावे याविषयीच्या आपल्या समजुतीशी. आपला मुलगा या गावात शिरतो तो पहिला प्रश्न विचारतो: ‘यात जिंकायचे कसे?’ बिचाऱ्याचा तरी काय दोष? पहिला नंबर, पहिला प्रयत्न, पहिली फेरी, एवढेच त्याने घरात ऐकलेले असते. आपण त्याला शर्यतीचे घोडे केले आणि मग तो देवळातही धावतो म्हणून त्याच्यावर रागावतो! या गावात जिंकायचे नसते, नांदायचे असते. नांदणे हा शब्द आपल्या आयाबहिणींनी पुष्कळ सोसून कमावला आहे. परक्या घरात शिरून त्या घराची रीत ओळखणे, आपले माणूसपण न सोडता तिथले होणे, असा त्याचा अर्थ. मात्र आपल्या घरांनी सुनेकडून हे एकतर्फी मागितले, तसे इथे मागता येत नाही. इथे नांदणे दोन्ही बाजूंचे आहे.

याच बार्टलने 1996 साली आपल्या अनुभवावरून खेळाडूंच्या चार जाती सांगितल्या आणि त्यांना पत्त्यांची चिन्हे दिली. दिवाळीत पत्ते कुटणाऱ्या घरांना ती चटकन कळतील. चौकट म्हणजे धन जमवणारे, इस्पिक म्हणजे कुदळ घेऊन खणत जाणारे, बदाम म्हणजे माणसांत रमणारे, आणि किलवर म्हणजे दंडुका घेऊन दुसऱ्याला छळण्यात आनंद मानणारे. चारही जाती गावात असणारच. पण आपली पोरे केवळ चौकटीचे पान हातात घेऊन जातात आणि डाव मनासारखा पडला नाही की किलवर काढतात. या खेळाची खरी दौलत इस्पिकात आणि बदामात आहे, हे त्यांना कोणी सांगतच नाही.

या जगाचा सर्वांत मोठा कायदा एका ओळीत सांगता येतो: दुसऱ्याच्या पात्राचा हात तुम्ही हलवायचा नाही. ‘मी तलवारीचा वार केला’ असे तुम्ही खुशाल लिहा. ‘माझ्या वाराने तुझा हात तुटला’ हे लिहिण्याचा अधिकार तुम्हांला नाही. हात तुटला, वार चुकला की ढालीवर आदळला, हे ज्याचा हात आहे तो लिहील, किंवा खेळाचा पंच अथवा यंत्र ठरवील. नवख्याच्या हातून पहिला अपराध होतो तो हाच. त्याला वाटते आपण शौर्य गाजवले. वस्तुतः त्याने समोरच्याची लेखणी हिसकावून घेतलेली असते.

हा नियम म्हणजे पोरखेळातला चोखंदळपणा, असे ज्यांना वाटते त्यांनी 1993 साली लॅम्डामू नावाच्या जगात काय घडले ते ऐकावे. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या संगणकावर पॅव्हेल कर्टिस याने ते वसवले होते. तिथल्या एका खेळाडूने एका करामतीच्या जोरावर इतरांच्या पात्रांच्या नावे, त्यांच्या इच्छेविरुद्ध, किळसवाणी आणि अत्याचाराची वर्णने भर चावडीवर उमटवली. कोणाच्या अंगाला बोट लागले नव्हते. होते ते सारे शब्दच. तरीही ज्यांच्या पात्रांवर हा प्रसंग आला त्यांना खरोखरीची जखम झाली. गाव हादरले, सभा भरली, वाद झाले, एकमत होईना. अखेर एका व्यवस्थापकाने आपल्या अधिकारात त्या खेळाडूचे पात्र पुसून टाकले. पुढे कर्टिसने तिथे अर्ज आणि मतदान यांची पद्धत घातली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी या प्रकरणावर लिहिलेला लेख बराच गाजला. शब्दांचे गाव असले तरी त्यात अब्रू असते, हे त्या गावाला या मार्गाने कळले. आपल्या मुलांना ते घरीच कळावे, एवढेच माझे मागणे आहे.

मग नवख्याने करावे काय? पहिले काही दिवस केवळ वाचावे. नियम वाचावेत, आणि त्याहूनही अधिक, गावकरी एकमेकांशी कसे लिहितात ते वाचावे. मग पात्र निवडावे ते लहान. पहिल्याच दिवशी नवखे येतात ते अजिंक्य राजपुत्र होऊन, अनाथ आणि शापित, रूपाने देखणे आणि चार विद्यांत पारंगत! अशा माणसाशी कोणी काय बोलावे? त्याला कशाचीच गरज नाही. त्यापेक्षा उसनवारीने बेजार झालेला कुंभार व्हावे. त्याला पैसे हवे असतात, गिऱ्हाईक हवे असते, सावकाराला चुकवण्यासाठी मागचे दार हवे असते. पात्राला उणीव असली की दुसऱ्याला आत यायला वाट मिळते.

लिहिताना प्रत्येक खेपेला समोरच्याच्या हाती काही ठेवावे. ‘कुंभार गप्प बसला’ एवढेच लिहून थांबलात तर पुढच्याने काय करायचे? ‘कुंभाराने तडकलेला माठ पाठीमागे लपवला’ असे लिहा, म्हणजे पुढचा विचारील की माठात काय होते. दशावतारातला जाणता नट समोरच्या नटाला उत्तर सुचेल असेच वाक्य टाकतो. समोरच्याला मुका करणारा नट कितीही गळेबाज असला तरी त्या रात्रीचे आख्यान पाडतो. आणखी एक पथ्य. तुम्हांला खेळाडू म्हणून जे ठाऊक आहे ते तुमच्या पात्राला ठाऊक असेलच असे नाही. शेजारच्या खोलीतला कट तुम्ही पडद्यावर वाचलात. कुंभाराने तो ऐकलेला नाही. त्याने अडाणीच राहिले पाहिजे. तसेच, पात्राचे भांडण माणसाच्या अंगाला लावून घ्यायचे नाही, आणि माणसाचा राग पात्राच्या तोंडून काढायचा नाही. हा विवेक ज्याला सोळाव्या वर्षी साधला, त्याला पुढे कचेरीत आणि संसारात पुष्कळ सोपे जाईल.

आईबापांनाही दोन शब्द. हे गाव असले तरी वेशीवर पहारा असतोच असे नाही, आणि मोठी माणसे लहानांचे सोंग घेऊ शकतात. खरे नाव, शाळा, पत्ता, छायाचित्र यांतले काहीही मुलाने तिथे देऊ नये. केवळ प्रौढांसाठी असलेल्या जागा त्याला वर्ज्य असाव्यात. पण हे पोलिसी खाक्याने होत नाही. ‘आज तुझ्या कुंभाराचे काय झाले?’ असे जेवताना विचारणारा बाप मुलाचे जितके रक्षण करील, तितके पडद्याला कुलूप लावणारा करणार नाही.

जुन्या गावकऱ्यांनाही मी सोडणार नाही. नवखा दारात आला की त्याच्या अंगावर नियमांचा गठ्ठा फेकायचा, आद्याक्षरांच्या सांकेतिक भाषेत त्याला दटावायचे आणि तो पळाला की ‘हल्लीच्या लोकांना धीर नाही’ म्हणून उसासे टाकायचे, ही कोठली रीत? पहिल्या संध्याकाळी त्याच्या कुंभाराकडून एक माठ विकत घेणारा एक गावकरी नियमांच्या पन्नास पानांचे काम करतो. ज्या गावाला पाहुणा नकोसा होतो, ते गाव म्हातारे होऊन मरते. मग दोष चित्रांच्या खेळांना देऊन काय उपयोग?

राहता राहिली मराठी. या जगांची जुनी यंत्रे पुष्कळशी रोमन अक्षरे गृहीत धरूनच लिहिली गेली, म्हणून आपली मुले तिथे इंग्रजीत सोंगे घेतात. घेऊ देत; त्यांचे इंग्रजी सुधारेल. पण आळीपाळीने लिहिण्याच्या खेळाला यंत्राचा अडसर नाही. हातातल्या फोनवर देवनागरी उमटते. चार भावंडे चार शहरांत असली तरी एका गोष्टीत राहू शकतात. या सुट्टीत कोणी एकाने गावाचे नाव ठरवावे, दुसऱ्याने नदी वाहती करावी, तिसऱ्याने पारावर एक म्हातारा बसवावा. त्या म्हाताऱ्याच्या तोंडी कोणते शब्द घालायचे ते सुचेना, तर आजोबांना विचारावे. त्यांना ते ठाऊक असतात. अलीकडे कोणी विचारलेलेच नसतात.

वाचन बुडाले म्हणून गळा काढणाऱ्यांनी पुढच्या दिवाळीत पुन्हा लेखणी उचलण्यापूर्वी एवढे करून पाहावे. स्वतः एक लहानसे सोंग घ्यावे, पाच ओळी लिहाव्यात, आणि सहावी ओळ दुसऱ्यासाठी मोकळी सोडावी. आपल्या विद्वानांना यातले शेवटचेच सर्वांत जड जाईल, याची मला खात्री आहे.