रस्त्यात सायकलचा हिस्सा किती?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बहुतेक घरांत एक मागणी हमखास होते. सायकल हवी! अब्बांची तयारी असते, मामू ईदी म्हणून घेऊन द्यायला राजी असतात. पण अम्मी एकच सवाल करतात, "आणाल खरी, पण पोर ती चालवणार कुठे?" या सवालाचे उत्तर घरात मिळत नाही, ते रस्त्यावर शोधावे लागते. गर्दीच्या रस्त्यांवर सायकलसाठी वेगळी मार्गिका असावी का आणि असली तर कशी असावी, यावर आपल्या शहरांत गेली पंधरा-वीस वर्षे वाद चालू आहे. इंजिनियर बोलतात, नगरसेवक बोलतात, दुकानदार बोलतात. ज्यांची मुले त्या रस्त्याने शाळेत जातात त्या आयांना मात्र क्वचितच कोणी विचारते. म्हणून या महिन्यात हा विषय घेऊ.

आम्ही पुण्यात शिकवतो, तेव्हा पुण्यापासूनच सुरुवात करू. हे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जाई. कारखान्यातले कामगार, कॉलेजची मुले-मुली, मास्तर, कारकून सगळे सायकलवर असत. मग स्कूटर आली, मोपेड आली, मोटारसायकल आली. रस्ते रुंद झाले आणि सायकल कडेला गेली. 2006 नंतर केंद्राच्या नागरी योजनेतून बीआरटीचे रस्ते झाले, तेव्हा सातारा रस्ता आणि हडपसरच्या बाजूला सायकल ट्रॅकही बांधले गेले. पुढे जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना झाली, त्यात रुंद पदपथासोबत सायकलसाठी जागा आखली गेली. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. म्हणजे कागदावर या शहराने सायकलसाठी बरेच काही केले आहे.

आता तुमच्या जवळच्या एखाद्या ट्रॅकवर दहा मिनिटे उभे राहून पाहा. सुरुवातीलाच मोटारसायकली शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले असतात. ते इतके जवळ असतात की कॅरियरला दप्तर बांधलेली सायकलही अडकते. थोडे पुढे विजेची डीपी, मग झाड, मग चहाची टपरी, मग ओळीने लावलेल्या दुचाक्या. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. चौक आला की तो एकदम संपतो, आणि नेमकी तिथेच बस वळत असते. अशा ट्रॅकवरून मूल उतरते आणि रस्त्याच्या कडेने जाऊ लागते. मग लोक म्हणतात, "एवढे पैसे घालून ट्रॅक केला, पण कोणी वापरत नाही."

मुंबईतही हेच घडले. वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 मध्ये सायकल मार्ग बांधला गेला. कुर्ला आणि वांद्रे स्टेशनांवरून येणाऱ्यांना संकुलापर्यंत सायकलने नीट पोहोचता येईल, अशी सोयच नव्हती. ट्रॅकवर गाड्या उभ्या राहू लागल्या. शेवटी तो काढून ती जागा मोटारींना देण्याचे ठरले. यातून काहींनी निष्कर्ष काढला की आपल्याकडे सायकल चालतच नाही. पहाटे याच मुंबईत पाव, खारी, दूध आणि वर्तमानपत्रे सायकलवरूनच घरोघरी पोहोचतात. गोव्यात पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजल्याशिवाय सकाळ होत नाही. रात्रपाळीचा वॉचमन, सुऱ्यांना धार लावणारा, भंगारवाला यांना सायकल सोडून दुसरे वाहन परवडत नाही. सायकल आजही चालते. ट्रॅक आखताना मात्र ती चालवणारा माणूस कोणी डोळ्यांसमोर आणला नाही.

मग ट्रॅक कसा असावा? या वादातले चार-पाच मुद्दे आपण घरच्या भाषेत समजून घेऊ.

पहिला मुद्दा: पट्टा की कठडा? रस्त्यावर पांढरा पट्टा मारून सायकलचे चित्र काढले की काम स्वस्तात होते. पण रंग कोणाला अडवत नाही. रिक्षा त्यावरून जाते, टेम्पो त्यावर उभा राहतो. ज्या रस्त्यावर बस आणि ट्रक वेगाने धावतात तिथे मध्ये पक्का कठडा किंवा उंचवटा हवा. विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो की वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. तीस किलोमीटरच्या वेगाने येणारी गाडी आणि साठच्या वेगाने येणारी गाडी यांत केवढा फरक पडतो, तो यावरून समजेल. जिथे वेग जास्त तिथे आडोसा हवा. जिथे वेग कमी तिथे पट्टाही चालतो, किंवा काहीच नसले तरी चालते.

दुसरा मुद्दा: उभ्या गाड्या कोणत्या बाजूला? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पदपथाला लागून गाड्या उभ्या असतात आणि सायकलवाला त्यांच्या उजवीकडून, धावत्या वाहनांना चिकटून जातो. एखाद्याने मोटारीचे दार उघडले की तो थेट बसखाली. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये क्रम उलटा आहे. आधी पदपथ, मग थोडा उंच सायकल मार्ग, मग उभ्या मोटारी आणि त्यानंतर धावती वाहने. उभ्या मोटारीच सायकलवाल्याची भिंत होतात. जागा तेवढीच लागते, फक्त क्रम बदलतो. दार उघडायला मध्ये हातभर मोकळी पट्टी ठेवली की झाले.

तिसरा मुद्दा: ट्रॅक पदपथावर न्यावा का? आपल्या पालिकांना हा सोपा उपाय वाटतो, कारण त्यात मोटारींची जागा कमी होत नाही. पण मग आजारी दादी, बाळाला कडेवर घेतलेली बाई, काठी टेकत चालणारे नाना यांच्यामध्ये सायकली शिरतात. दोन दुबळ्यांना एका अरुंद पट्टीवर भांडत ठेवायचे आणि बलवानाची जागा मोकळी ठेवायची, हा न्याय नव्हे. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत पायी चालणारे 32 हजारांहून अधिक होते. पदपथातून एक फूटही कमी करण्याआधी हा आकडा आठवावा.

चौथा मुद्दा: चौक. सरळ रस्त्यावर ट्रॅक करणे सोपे असते, पण धोका वळणावर असतो. डावीकडे वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या ड्रायव्हरला आपल्या डाव्या अंगाला असलेली सायकल दिसत नाही. म्हणून सायकलींना सिग्नलपाशी वाहनांच्या पुढे थांबायला जागा देतात, वळणाचा कोपरा जरा आवळून वाहनांना हळू वळायला लावतात, आणि चौक ओलांडतानाही ट्रॅकचा रंग सलग ठेवतात. ट्रॅक चौकाच्या पन्नास फूट आधी संपत असेल, तर जिथे त्याची खरी गरज होती तिथेच तो नाही असे समजावे.

पाचवा मुद्दा: एक रस्ता की जाळे? इथे नेदरलँड्सचा अनुभव फार उपयोगी आहे. आज त्या देशाची सायकल पाहून वाटते की त्यांची रीतच ती असावी. पण तिथेही 1950 आणि 60 च्या दशकांत मोटारींसाठी शहरे खोदली गेली होती. 1971 मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली आणि त्यांत 400 हून अधिक मुले होती. तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच होते "बालहत्या थांबवा". मुलांना खेळता यावे म्हणून त्यांनी गल्ल्या अडवल्या, खासदारांच्या दारात गेले. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा तिथल्या सरकारने काही रविवार मोटारींना बंदी केली. रिकाम्या रस्त्यांवर मुले सायकली घेऊन निघाली आणि रस्ता असाही असू शकतो हे लोकांना दिसले.

पुढे सरकारने हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत नमुन्यादाखल एकेक उत्तम सायकल मार्ग बांधला. हेगच्या दुकानदारांनी गिऱ्हाईक तुटेल म्हणून विरोध केला. मार्ग झाले, लोकांना आवडलेही, पण एकट्या मार्गामुळे सायकल चालवणारे फारसे वाढले नाहीत. नंतर डेल्फ्ट शहरात घर, शाळा, बाजार आणि स्टेशन जोडणारे पूर्ण जाळे विणले, तेव्हा फरक दिसला. स्पेनमधील सेव्हिल शहरानेही 2006 नंतर हाच रस्ता धरला. अंदलुसच्या इतिहासात आपण ज्याला इश्बीलिया म्हणून वाचतो तेच हे शहर. त्यांनी एकेक तुकडा करत बसण्याऐवजी थोड्या वर्षांत सुमारे 80 किलोमीटरचे सलग जाळे उभे केले. त्यासाठी मोटारी उभ्या करायच्या हजारो जागा घेतल्या. शहरातली सायकलींची वर्दळ काही पटींनी वाढली. तिथला उन्हाळा आपल्या नागपूरची आठवण करून देणारा, तरीही लोक सायकलवर आले. आपला पुण्याचा आणि मुंबईचा घोळ इथे लक्षात येतो. शाळेपासून सुरू होऊन घराआधीच संपणारा ट्रॅक मुलाच्या काय कामाचा?

आता विरोध करणाऱ्यांचेही ऐकायला हवे. दुकानदार म्हणतात, दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. माल उतरवायचा कुठे? हा प्रश्न खोटा नाही. त्यासाठी सकाळची ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा ठेवता येते. पथारीवाल्यांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ट्रॅक मोकळा करायच्या नावाखाली प्रथम त्यांचीच हातगाडी उचलली जाते, आणि दिवसभर उभी राहणारी मोटार तशीच राहते. पथारीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, त्यांना हक्काची जागा आखून देणे पालिकेचे काम आहे. रस्ता नव्याने आखताना भाजीवालीची जागाही त्याच नकाशात दाखवली पाहिजे. अनेकदा सायकलवर येणारा माणूसच तिचा गिऱ्हाईक असतो.

आणि आपले मोहल्ले? जुन्या पेठा, कॅम्पातल्या गल्ल्या, भिवंडी-मालेगावातल्या यंत्रमागाच्या वस्त्या, तिथे मुळात दोन रिक्षा आमनेसामने जात नाहीत. तिथे ट्रॅकचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तिथे वाहनांचा वेग आवळणे हाच उपाय. नीट बांधलेले गतिरोधक, शाळेच्या वेळेत जड वाहनांना बंदी, गल्लीच्या तोंडाशी अरुंद केलेला प्रवेश. मुलाला गल्लीत वेगाची भीती नको आणि मोठ्या रस्त्यावर आडोसा हवा. या दोन गोष्टी जोडल्या की जाळे तयार होते.

आपल्याकडे वारशाची वाटणी होते तेव्हा बहिणीचा हिस्सा ठरलेला असतो. भाऊ दांडगा आहे म्हणून तो सगळे घेऊन टाकू शकत नाही. घेतले तर तो गुनहगार ठरतो. रस्ताही अशीच सगळ्यांची मिळकत आहे. प्रेषितांनी (स.) रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितले आहे आणि त्यात कोणाला तकलीफ न देणे आले. वाटेतली इजा देणारी वस्तू बाजूला करणे हाही सदका आहे, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. मग जुम्म्याला मशिदीबाहेर पदपथावर आडव्या लावलेल्या दुचाक्या, लग्नाच्या हॉलसमोर दोन रांगांत उभ्या मोटारी या काय आहेत? पालिकेकडे मागणी करण्याआधी एवढे तर आपल्या हातात आहे. नमाजला येणाऱ्यांपैकी दोघा तरुणांनी उभे राहून गाड्या नीट लावून घेतल्या तर कोणाची परवानगी लागत नाही.

मुलींचा विचार तर खास करावा लागेल. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. बिहारमध्ये 2006 पासून अशा सायकली दिल्या गेल्या आणि नववीनंतर शाळेत टिकणाऱ्या मुलींची संख्या वाढली. शहरात आमच्या अनुभवाला येते ते उलटेच. आठवीपर्यंत येणारी मुलगी पुढची शाळा दोन बस पलीकडे आहे म्हणून घरी बसते. रिक्षाचे महिन्याचे पैसे भावासाठी निघतात, तिच्यासाठी निघत नाहीत. सायकल तिला तीन-चार किलोमीटरची दुनिया उघडून देते, पण रस्त्याच्या भीतीने ती सायकल जिन्याखाली गंजते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: सायकल मार्ग आखताना रविवारी हेल्मेट घालून पन्नास किलोमीटर जाणारा हौशी सायकलवाला नजरेसमोर ठेवू नका. दप्तर घेऊन शाळेला निघालेली बारा वर्षांची मुलगी ठेवा. तिला जो मार्ग सुरक्षित आहे तो पाववाल्याला, वॉचमनला, सगळ्यांना सुरक्षित आहे.

भगिनींनो, या महिन्यात एक काम करा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता मुलांसोबत पायी चाला. सोबत शिवणकामाची टेप आणि वही घ्या. ट्रॅक असेल तर तो किती रुंद आहे ते मोजा. दोन सायकली शेजारून जायच्या तर साधारण दोन मीटर हवेत. कुठे खांब, कुठे डीपी, कुठे तुटलेले चेंबर, कोणत्या चौकात भीती वाटते, ते मुलांकडूनच लिहून घ्या. त्यांना भूगोलाचा नकाशा आपोआप येईल. पाच-दहा घरांनी मिळून तो कागद सह्यांसह क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पुण्यात नागरिकांना प्रभागातली कामे सुचवता येतात, अंदाजपत्रकात त्यांचा समावेश व्हावा म्हणून 2006 पासून ही सोय आहे. दुसऱ्या शहरांत रस्त्याचा आराखडा निघतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. त्या मुदतीत आपल्या मोहल्ल्यातून एकही कागद गेला नाही, तर आराखडा आपल्याला वगळूनच होणार. बारा वर्षांच्या मुलीने काढलेला नकाशा त्या फाईलमध्ये असला पाहिजे.