सह्यांनंतरचा हिशेब

परदेशात राबणारी भारतीय माणसे घरी जो पैसा धाडतात, त्यातला सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात येतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 मध्ये तो 20.5 टक्के होता, केरळचा 19.7. परदेशची कमाई म्हटली की आपल्याला आधी केरळ आठवतो, म्हणून हा आकडा पुन्हा वाचावासा वाटतो. या पैशात पुण्या-मुंबईच्या संगणक अभियंत्यांचे डॉलर आहेत, तसे खेड, चिपळूण, श्रीवर्धनकडच्या माणसांचे दिनार आणि रियालही आहेत. अभियंत्याचे कागद त्याची कंपनी करते. बाकीच्यांचे कोण करतो आणि किती पैसे घेऊन करतो, या प्रश्नाभोवती यंदाचा दिवाळी अंक उभा केला आहे.

निमित्त अर्थात करारांचे. माणसांच्या ये-जा करण्याबद्दल भारताने जानेवारी 2021 मध्ये जपानशी, डिसेंबर 2022 मध्ये जर्मनीशी, नंतर इटली, ऑस्ट्रेलिया अशा देशांशी करार केले. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी थेट करार करून दहा हजार कुशल माणसे पाठवायचे ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांवर नेण्याचे जाहीर केले. तिथे लोकसंख्या म्हातारी होत चालली आहे. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर मिळेनासे झाले आहेत. आपल्याकडे आयटीआय करून घरी बसलेली मुले आहेत. दोन सरकारांनी समोरासमोर बसून ही गाठ घालून द्यावी, हे एजंटाच्या भरवशावर सोडण्यापेक्षा शतपटीने चांगले. म्हणून आम्ही या करारांच्या बाजूने आहोत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

जर्मनीने हे पूर्वी एकदा केले आहे. 30 ऑक्टोबर 1961 रोजी तुर्कस्तानशी करार झाला. कामगाराने दोन वर्षे राबावे आणि परत जावे, अशी मूळ कल्पना होती. कुटुंबाचा विचार त्यात नव्हता, भाषा शिकवण्याचा तर नव्हताच. स्टुटगार्टच्या कारखान्यांना हातात कसब आलेला माणूस दोन वर्षांनी घालवणे परवडेना, तेव्हा 1964 मध्ये ती अट निघाली. पण माणसे राहणार आहेत हे मान्य करायला त्या देशाला कित्येक दशके लागली. साठच्या दशकात चर्चच्या मार्फत केरळच्या मुली तिथे नर्स म्हणून गेल्या. पुढच्या दशकात गरज ओसरली, तेव्हा त्यांतल्या काहींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत.

त्यामुळे आपल्या मुलांच्या बाबतीत विचारायचे ते आजच विचारले पाहिजे. नर्सचे उदाहरण घेऊ. जीएनएम झालेली लातूरची मुलगी जर्मनीत गेली की लगेच नर्स होत नाही. तिथल्या राज्याने तिच्या शिक्षणाला मान्यता द्यावी लागते, जर्मन भाषेची बी-2 पातळी गाठावी लागते, बहुतेक वेळा पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षाही द्यावी लागते. तोवर ती सहायक म्हणून काम करते आणि पगारही सहायकाचाच घेते. हे महिने किती असतील, तेवढ्या काळाचा खर्च कोण सोसेल, परीक्षेत एकदा अपयश आले तर पुढे काय, हे तिला निघण्यापूर्वी मराठीत लिहून मिळाले पाहिजे.

आखाताचा अनुभव आपल्याला पन्नास वर्षांचा आहे आणि तो कडू आहे. ‘व्हिसा निघाला’ असा निरोप आला की कोकणातल्या घरात आधी पैशांची जमवाजमव सुरू होते. 1983 च्या कायद्याखालील नियमांनुसार एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात. प्रत्यक्षात लाखाच्या खाली बोलणे होत नाही, आणि पावतीचे नाव काढायचे नाही. तिकडे उतरल्यावर वेगळाच करार पुढे येतो, पासपोर्ट कफीलकडे म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे जातो, अकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना वेळेवर निघत नाही. दहावी न झालेल्या माणसाला अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते, निदान त्याची नोंद तरी राहते. दहावी झालेला या नोंदीतूनच निसटतो. जून 2024 मध्ये कुवेतच्या मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. मृतदेह आणायला हवाई दलाचे विमान गेले. ती माणसे जिवंत असताना त्यांच्या राहण्याची जागा तपासायचा अधिकार आपल्या सरकारकडे असता, तर तो खरा करार.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, त्याला रत्नागिरीचा किंवा गोव्याचा बोटीवरचा माणूस दाखवावा. जिनिव्हात 2006 मध्ये सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार झाला; भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. घरी परतण्याचा खर्च मालकाचा. मालकाने वाऱ्यावर सोडले, तर चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची हमी विम्यातून, आणि 2017 पासून त्याचे प्रमाणपत्र जहाजावर लावणे सक्तीचे. जहाज कोणत्याही देशाच्या झेंड्याखाली असो, करार मान्य केलेल्या बंदरात ते तपासता येते, अडवता येते. फसवणूक तरीही होते. 2024 मध्ये असे सोडून दिलेल्या खलाशांत भारतीयच सर्वाधिक होते. पण फसवला गेलेला खलाशी हक्क मागतो, दया नव्हे. त्याच गावचा दुबईतला प्लंबर मात्र कफीलच्या मर्जीवर जगतो.

केरळने 1996 मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले. महाराष्ट्राला ही जाग फार उशिरा आली. आज जर्मनीला आपली गरज आहे, तेव्हा भरतीचा सगळा खर्च मालकाने द्यावा, ही अट घालायची वेळ हीच. आणि शासनाने दहा हजारांचा हिशेब दर सहा महिन्यांनी जाहीर करावा: किती मुले भाषेच्या वर्गाला बसली, किती उत्तीर्ण झाली, किती गेली, कोणत्या पगारावर, किती परत आली.

वाचकांना एकच विनंती. दिवाळीनंतर तुमच्या घरातले, शेजारचे कोणी बाहेर जायच्या तयारीत असेल, तर पैसे देण्यापूर्वी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटाचा परवाना तपासा, करार हातात घेऊन वाचा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा.